नवा मेकॅनिकल गेमिंग कीबोर्ड: परतीची मुदत संपण्याआधी काय तपासावं आणि नंतर काय सुधारावं

नव्या मेकॅनिकल कीबोर्डाचे पहिल्या दिवशी नजरेत भरतात ते दिवे आणि कानात भरतो तो आवाज. माल चांगला की वाईट हे या दोन्हींवरून कळत नाही. प्रत्येक बटण एका दाबाला एकदाच उमटतं का, चार-पाच बटणं एकदम दाबली तर सगळी संगणकापर्यंत पोचतात का, स्पेसबार आणि शिफ्ट खडखडतात का, हे बघावं लागतं. ऑनलाइन घेतलेला माल बदलून मिळण्याची मुदत बहुतेक ठिकाणी ७ ते १० दिवसांची असते. म्हणून आधी तपासणी, मग सेटिंग, मग चार-पाच दिवस नुसता वापर, आणि स्क्रूड्रायव्हर सगळ्यात शेवटी. पहिल्याच संध्याकाळी केस, म्हणजे बाहेरचं कवच, उघडून आत ल्यूब, म्हणजे वंगण, लावलेला कीबोर्ड नंतर मूळचा दोष निघाला तरी विक्रेते परत घेत नाहीत.

इथे डोळ्यांसमोर ठेवलाय तो सध्या सर्रास मिळणारा प्रकार: ७५ टक्के आकार, म्हणजे सुमारे ८० बटणं, उजवीकडे नंबरपॅड नाही, हॉट-स्वॅप, म्हणजे सोल्डरिंग न करता स्विच (प्रत्येक बटणाखालचा, दाब ओळखणारा सुटा भाग) काढता-घालता येतात, आणि केबल, २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल व ब्लूटूथ असं तीन तऱ्हांनी जोडता येणारा. फुल साइज किंवा ६० टक्केवाल्यांनाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

खोका उघडल्यावर

खोका उघडताना व्हिडिओ काढून ठेवा, तक्रारीच्या वेळी अनेक विक्रेते तो मागतात. पहिली जोडणी केबलनेच करा, आणि तीही थेट संगणकाच्या पोर्टात. हब किंवा मॉनिटरच्या पोर्टातून नको. केबल सोबत आलेलीच वापरा. मोबाइलच्या काही टाइप-सी केबलींतून फक्त चार्जिंग होतं, डेटा जात नाही. मग दिवे लागतात पण एकही अक्षर उमटत नाही, आणि कीबोर्डच बंद पडलाय असं वाटतं.

मागे किंवा कडेला दोन छोटे खटके असतात. एक जोडणीचा प्रकार ठरवतो, दुसरा विंडोज की मॅक ते. दुसरा चुकून मॅकवर राहिला तर ऑल्ट आणि विंडोज बटणांची अदलाबदल होते. 'ऑल्ट चालत नाही' अशी तक्रार आली की आधी हा खटका बघावा. 'डब्ल्यू, ए, एस, डी दाबलं की बाण उमटतात' हीही नेहमीची तक्रार. कित्येक गेमिंग कीबोर्डांत एफएन आणि डब्ल्यू एकत्र दाबलं की या चार बटणांची बाणांशी अदलाबदल होते. तेच पुन्हा दाबलं की पूर्ववत. एफ४ दाबल्यावर आवाज कमी-जास्त होत असेल, तर वरची रांग मल्टिमीडियावर अडकली आहे. ती मोकळी करायचं संयोजन प्रत्येक मॉडेलचं वेगळं, माहितीपत्रकात मिळेल. ते पत्रक फेकू नका, कारण ही संयोजनं आठवणीत राहत नाहीत.

प्रत्येक बटणाची हजेरी

ब्राउझरमध्ये उघडणारं कुठलंही की-टेस्टरचं पान घ्या आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातून रांगेने एकेक बटण दाबत जा. यात मेलेलं बटण लगेच सापडतं. एका दाबाला दोनदा उमटणारं बटण मात्र टेस्टरवर बऱ्याचदा निसटतं. त्यासाठी नोटपॅड उघडा आणि एकेक अक्षर सावकाश २० वेळा दाबा. ओळीत २१ किंवा २२ अक्षरं आली, तर तो स्विच संशयित. हलक्या हाताने, अर्धवट दाबूनही बघा, कारण दोष असेल तर तो हळू दाबल्यावर जास्त दिसतो. स्विचमधली धातूची दोन पातं एकमेकांना टेकताना क्षणभर थरथरतात. तेवढा वेळ कीबोर्डातला प्रोग्रॅम पुढच्या नोंदीकडे दुर्लक्ष करतो. या थांब्याला डिबाउन्स म्हणतात. पातं मळलेली असली, स्विचची पिन सॉकेटात सैल असली किंवा डिबाउन्स फार कमी ठेवलेला असला की थरथरही दाब म्हणून मोजली जाते.

हॉट-स्वॅप कीबोर्डात मेलेलं बटण दिसलं तर घाबरायचं कारण नाही. बहुतेक वेळा स्विच बसवताना त्याची एक पिन वाकून आडवी झालेली असते. कीकॅप, म्हणजे बटणाची वरची टोपी, तारेच्या पुलरने सरळ वर ओढा. प्लॅस्टिकच्या गोल पुलरने कीकॅपच्या कडांवर ओरखडे पडतात. मग स्विच पुलरची दोन टोकं स्विचच्या वरच्या आणि खालच्या बाजूला, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी, असलेल्या खाचांत अडकवा, दाबा आणि तिरकं न करता सरळ वर काढा. डाव्या-उजव्या बाजूंनी ओढलं तर प्लेटची, म्हणजे स्विच ज्यात बसतात त्या पत्र्याची, कड खरवडते आणि स्विच हलत नाही.

स्विच उलटा करा. खाली तांब्याच्या दोन पातळ पिना दिसतील, मधे प्लॅस्टिकचा जाड खांब. एक पिन खांबाकडे झोपलेली असेल तर सपाट टोकाच्या चिमट्याने मुळाशी धरून हळूच उभी करा. ही पिन दोन-तीनदा वाकवली की तुटते, तेव्हा एकाच प्रयत्नात सरळ करायचं बघा. परत बसवताना दोन्ही पिना भोकांच्या अगदी वर आहेत ना हे डोळा खाली नेऊन बघा आणि मग अंगठ्याने सरळ दाबा. जास्त जोर लावावा लागत असेल तर थांबा. पिना धरणारं सॉकेट पीसीबीच्या, म्हणजे आतल्या सर्किटच्या पट्टीच्या, खालच्या बाजूला फक्त दोन सोल्डरच्या ठिपक्यांवर धरलेलं असतं आणि वरून रेटलं की ते उखडून निघतं. त्या जागी दुसऱ्या बटणाचा चालू स्विच लावूनही काही उमटलं नाही, तर दोष सॉकेटात किंवा पीसीबीत आहे. मग दुरुस्तीच्या फंदात पडू नका, कीबोर्ड बदलून घ्या.

पुढे नवे स्विच घ्यायचे झाले तर सॉकेट ३ पिनांचं की ५ पिनांचं ते आधी बघा. ५ पिनांच्या स्विचला तांब्याच्या दोन पिनांशिवाय प्लॅस्टिकचे दोन जादा पाय असतात. ३ पिनांच्या बोर्डात तो बसवायचा तर ते पाय नेलकटरने मुळापासून कापतात. यात स्विचचं काही बिघडत नाही.

आता एकत्र दाबण्याची चाचणी. टेस्टरवर डब्ल्यू, ए, शिफ्ट, स्पेस आणि शिवाय आर किंवा ई असं गेममधलं नेहमीचं संयोजन धरून ठेवा. सगळी दिसली पाहिजेत. प्रत्येक स्विचसोबत डायोड असलेल्या बोर्डात कितीही बटणं चालतात. डायोड वाचवलेल्या स्वस्त बोर्डात तिसरं-चौथं बटण गिळलं जातं किंवा न दाबलेलंच उमटतं. यूएसबीच्या साध्या मोडमध्ये सहा बटणं आणि शिफ्ट-कंट्रोलसारखी मॉडिफायर बटणं एवढीच एका वेळी जातात. गेमला तेवढी पुरतात, त्यामुळे 'सर्व बटणं एकदम' हा खोक्यावरचा दावा बघून जादा पैसे मोजू नका. एन-की मोडवर, म्हणजे सर्व बटणं एकदम पाठवणाऱ्या मोडवर, ठेवल्यावर कीबोर्ड बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) ओळखला जात नसेल, तर सहा बटणांचा मोड लावून बघा.

बोटांना सवय होईपर्यंत

लॅपटॉपच्या बटणांवरून इकडे आलं की पहिले दोन-तीन दिवस चुका वाढतात. लॅपटॉपची बटणं जेमतेम दीड मिलिमीटर खाली जातात; मेकॅनिकल स्विच साधारण ४ मिलिमीटर जातो, पण अक्षर निम्म्या वाटेवरच उमटतं. चेरी या स्विच बनवणाऱ्या कंपनीचे आकडे तुलनेला सोयीचे आहेत. तिचा एमएक्स रेड हा स्विच ४५ सेंटिन्यूटन जोराला, २ मिलिमीटरवर उमटतो. सेंटिन्यूटन म्हणजे जवळपास ग्रॅमच धरा. ब्लॅकही रेडसारखाच गुळगुळीत, पण त्याला ६० लागतात. ब्राउनला ५५, आणि वाटेत बोटाला हलका उंचवटा लागतो. ब्लूला ६०, उमटण्याची खोली २.२ मिलिमीटर, आणि तो खटकन वाजतो. टीव्हीएस गोल्ड कीबोर्डावर बिलं किंवा डीटीपीचं काम केलेल्यांना हा आवाज नव्याने सांगायला नको. स्पीड सिल्व्हर १.२ मिलिमीटरवरच उमटतो, म्हणून गेममध्ये तो चपळ वाटतो. टायपिंगमध्ये मात्र बटणावर बोट नुसतं टेकलं तरी अक्षर पडतं.

फक्त गेम असेल तर रेडच्या जातीचा हलका लिनियर, म्हणजे वाटेत उंचवटा नसलेला, घ्या. लिहायचंही खूप असेल तर ब्राउनच्या जातीचा, किंवा ५० ते ५५ ग्रॅमचा थोडा जड लिनियर. घरात रात्री कुणी झोपलेलं असेल तर ब्लू नकोच. कुठलंही ल्यूब तो खटका बंद करत नाही, कारण तो आवाज करायलाच त्याची रचना आहे.

मनगट दुखलं तर दोष स्विचच्या माथी मारण्याआधी उंची बघा. या कीबोर्डांची पुढची कड सुमारे २ सेंटिमीटर उंच असते. तळाचे पाय उघडले की मागची बाजू आणखी वर जाते आणि मनगट वर वाकतं. पाय मिटून टाका, खुर्ची एवढी वर घ्या की कोपर आणि कीबोर्ड एका पातळीत येतील, आणि पुढे २ सेंटिमीटर जाडीचा रिस्ट रेस्ट किंवा घट्ट गुंडाळलेला पंचा ठेवा. कित्येकांची तक्रार एवढ्यावर मिटते.

सेटिंग: निम्म्या तक्रारी इथे मिटतात

पहिलं काम विंडोजचं. शिफ्ट पाच वेळा दाबलं की स्टिकी कीजची खिडकी उघडते, आणि उजवं शिफ्ट ८ सेकंद धरून ठेवलं की फिल्टर कीज चालू होतं. फिल्टर कीज चालू झालं की झटपट दाबलेली बटणं गळतात आणि वाटतं स्विच खराब आहेत. विंडोज ११ मध्ये सेटिंग, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड इथे जाऊन दोन्हींचे शॉर्टकट बंद करा.

मराठी लिहिणाऱ्यांना याहून मोठी अडचण भाषेच्या अदलाबदलीची होते. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडला असेल तर डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं की भाषा बदलते. शूटिंग गेममध्ये शिफ्टवर धावणं आणि ऑल्टवर आणखी काही असलं, की ऐन मोक्याला इंग्रजीची मराठी होते. मग चॅटमध्ये देवनागरी पडते आणि काही गेममध्ये तर डब्ल्यू, ए, एस, डी मुळी चालतच नाहीत. सेटिंगमध्ये टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज इथे जा, इनपुट लँग्वेज हॉट कीज उघडा, चेंज की सीक्वेन्स दाबा आणि 'नॉट असाइन्ड' निवडा. भाषा बदलायला विंडोज बटण आणि स्पेस हे संयोजन राहतंच. फक्त गेम मोडमध्ये विंडोज बटण कुलूपबंद केलेलं असतं, तेव्हा हेही चालत नाही. 'मराठीच येत नाही' असं वाटलं की आधी ते कुलूप काढा.

इनस्क्रिप्ट या बटणांच्या मांडणीवर लिहिणाऱ्यांनी चाचणीत दोन बटणांकडे जास्त लक्ष द्यावं. डी या बटणावर हलन्त आहे, म्हणजे जवळपास प्रत्येक जोडाक्षराला ते लागतं: 'स्व' लिहायचा तर एम, डी, बी. गेममध्ये उजवीकडे सरकायलाही हेच बटण, त्यामुळे बोर्डावरच्या जास्त झिजणाऱ्या बटणांपैकी हे एक. दुसरं शिफ्ट. ळ, श, ण, ख, थ, ऱ आणि सगळे सुटे स्वर शिफ्टवर आहेत, त्यामुळे इंग्रजीपेक्षा मराठीत शिफ्ट कितीतरी जास्त वेळा दाबावं लागतं. शिफ्ट जड किंवा खडखडणारं असेल तर इंग्रजी लिहिणाऱ्याला ते चालून जाईल, मराठी लिहिणाऱ्याला दोन पानांत नकोसं होईल. ॉ हे चिन्ह एंटरच्या वरच्या बॅकस्लॅशवर आहे, तेव्हा 'कॉलेज', 'डॉक्टर' लिहून तेही तपासा.

पोलिंग रेटबद्दल फार बोललं जातं. १२५ हर्ट्झला संगणकाकडून कीबोर्डाची विचारपूस दर ८ मिलिसेकंदांनी होते, १००० हर्ट्झला दर १ मिलिसेकंदाने, ८००० हर्ट्झला दर ०.१२५ मिलिसेकंदाने. १२५ वरून १००० वर जाणं कामाचं आहे. तिथून ८००० वर जाऊन एका मिलिसेकंदाचीही बचत होत नाही, आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर नवं चित्र १६.७ मिलिसेकंदांनी दाखवतो, १४४ हर्ट्झचा सुमारे ७ मिलिसेकंदांनी. हा पैसा मॉनिटरवर घाला.

डिबाउन्सची सेटिंग असेल तर ५ मिलिसेकंदांवर ठेवा. एखादं बटण दोनदा उमटत असेल तर ८, मग १० करून बघा. १० वरही थांबलं नाही तर स्विच बदला. बरीच बटणं असं करत असतील तर कीबोर्डच बदलून घ्या.

गेम खेळताना ब्लूटूथ नको. त्यात उशीर जास्त असतो आणि मध्येच झोपी गेलेला कीबोर्ड पहिलं बटण गिळतो. २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल वापरा, पण तो कॅबिनेटच्या मागे यूएसबी ३ च्या पोर्टालगत लावू नका. यूएसबी ३ मधून निघणारा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो, आणि लगतच्या पोर्टात हार्ड डिस्क चालू असली की अक्षरं गळायला लागतात किंवा एकच अक्षर ओळभर उमटत जातं. डोंगल छोट्या यूएसबी एक्सटेन्शनने टेबलावर, कीबोर्डापासून हातभर अंतरावर आणा. ही शंभर-दोनशे रुपयांची वायर बऱ्याच 'खराब वायरलेस'ची दुरुस्ती आहे.

चुंबकीय, म्हणजे हॉल इफेक्ट स्विचवाला बोर्ड असेल तर उमटण्याची खोली सॉफ्टवेअरमधून बदलता येते. डब्ल्यू, ए, एस, डी ०.५ ते ०.८ मिलिमीटरवर आणि बाकी सगळी १.५ ते २ वर ठेवा. अख्खा बोर्ड ०.१ वर नेला तर बोटं नुसती टेकली तरी अक्षरं पडतात. रॅपिड ट्रिगर, म्हणजे बोट जरा वर आलं की बटण लगेच सुटलं असं धरायची सोय, फक्त हालचालीच्या बटणांना लावा. एक सावधगिरी मात्र हवी: दोन विरुद्ध दिशांची बटणं धरल्यावर कीबोर्डाने स्वतःच शेवटचं निवडायची जी सोय आहे, रेझर कंपनी जिला स्नॅप टॅप म्हणते, तिच्यावर व्हॉल्व्ह या गेम कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर बंदी घातली. ती चालू ठेवून खेळलं तर सामन्यातून बाहेर काढलं जातं. रॅपिड ट्रिगर या बंदीत येत नाही.

आवाज कुठून येतो ते आधी ओळखा

चार-पाच दिवस झाले, दोष निघाला नाही, आता आवाज सुधारायचा. 'आवाज स्वस्त वाटतो' म्हणून सगळेच्या सगळे स्विच बदलणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा खर्च वाया जातो, कारण गडबड स्टॅबिलायझरची असते. मोठ्या बटणांखाली, म्हणजे ७५ टक्क्यांच्या बोर्डात बॅकस्पेस, एंटर, डावं शिफ्ट आणि स्पेसबार या चारांखाली, स्टॅबिलायझरची एक तार असते. बटणाची एक कड दाबली तरी दोन्ही कडा सारख्या खाली जाव्यात म्हणून. तार आणि तिला धरणारा प्लॅस्टिकचा तुकडा यांच्यात पोकळी असली की टिक-टिक येते.

स्पेसबारचं डावं टोक नखाने हलकं वाजवा, मग उजवं, मग मधे. टोकांना टिकटिक आणि मधे साफ आवाज असेल तर दोष स्टॅबिलायझरचा. साधं अक्षराचं बटण झटकन सोडल्यावर मागे किणकिण राहत असेल तर ती स्प्रिंगची. आणि सगळीच बटणं पोकळ, डबा वाजवल्यासारखी वाजत असतील तर केसमधली रिकामी जागा. तिन्हींचे उपाय वेगळे.

स्टॅबिलायझरसाठी केस उघडायची गरज बहुतेकदा पडत नाही. डायइलेक्ट्रिक ग्रीस आणि १ मिलिलिटरची सिरिंज बोथट सुईसह घ्या. मोठ्या बटणाची कीकॅप काढा; स्पेसबार काढताना दोन्ही टोकांना थोडं-थोडं उचलत न्या, एकाच कडेला ओढला तर स्टॅबिलायझरचा खांब तुटतो. मधला स्विच काढून ठेवा. आता दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे दोन छोटे खांब दिसतील, आणि प्रत्येकाच्या पुढच्या बाजूला खालून तार आत शिरताना दिसेल. सुईचं टोक त्या फटीत नेऊन मोहरीच्या दाण्याएवढं ग्रीस सोडा. दुसऱ्या बाजूलाही तेवढंच. खांब बोटाने पंचवीस-तीस वेळा वर-खाली करा म्हणजे ग्रीस तारेभोवती पसरेल. खांबाच्या बाहेरच्या बाजूंना क्रायटॉक्स २०५जी० या वंगणाचा ब्रशने एक पातळ हात द्या. बाहेर आलेलं ग्रीस कानकाडीने पुसून घ्या, कारण ते स्विचच्या भोकात उतरलं तर सॉकेटात जातं.

ग्रीस जास्त झालं तर बटण आळशासारखं सावकाश वर येतं, विशेषतः शिफ्ट आणि बॅकस्पेस. तेव्हा खांब बाहेर काढून पुसावा लागतो. एवढं करूनही एकाच टोकाला टिकटिक राहिली तर तार वाकडी आहे. ती काढून काचेवर ठेवा आणि एकेका टोकावर बोट टेकवा. दुसरं टोक उचललं जात असेल तर पकडीने किंचित पीळ देऊन दोन्ही टोकं काचेला टेकतील अशी करा. या कामात घाई नको. तार परत घालताना 'खट' असा बसल्याचा आवाज आला नाही तर ती अर्धवट अडकलेली असते आणि दुसऱ्याच दिवशी स्पेसबार एका कडेला चिकटतो.

पोकळ आवाजाला रंगकामाची कागदी मास्किंग टेप पुरते. केस उघडून पीसीबीच्या पाठीवर दोन ते तीन थर लावा, कनेक्टर, स्क्रूची भोकं आणि अँटेना मोकळे सोडून. पॅकिंगची ब्राउन टेप लावू नका, तिचा डिंक उन्हाळ्यात पाघळतो. धातूचा अंश असलेली टेप तर मुळीच नको, शॉर्ट होईल. केस उघडताना बॅटरीची वायर पीसीबीला जोडलेली असते, तेव्हा वरचा भाग झटक्याने उचलू नका.

स्विचना ल्यूब करायचं का? हल्लीचे बरेच स्विच कारखान्यातून ल्यूब होऊन येतात, त्यांना हात लावू नका. कानाजवळ धरून सावकाश दाबल्यावर खरखर ऐकू आली तरच करा. लिनियरला क्रायटॉक्स २०५जी०, ब्राउनसारख्या टॅक्टाइलला, म्हणजे उंचवटा असलेल्याला, त्याहून पातळ ट्रायबोसिस ३२०३ किंवा ३२०४. ५ ग्रॅमची डबी एका बोर्डाला पुरून उरते. ०० नंबरचा ब्रश बुडवून डबीच्या कडेला निपटा, मग स्विच उघडून हाउसिंगच्या, म्हणजे त्याच्या कवचाच्या, आतल्या दोन्ही खाचांना आणि स्टेमच्या, म्हणजे वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या, बाजूंना हात फिरवा. प्लॅस्टिक ओलसर चमकलं की पुरे. पांढरा थर दिसला तर जास्त झालं. टॅक्टाइलच्या स्टेमचे तांब्याच्या पात्याला टेकणारे दोन पाय कोरडे ठेवा, नाहीतर उंचवटा हरवतो. आधी पाच स्विच करून बोर्डात लावा, आवाज आणि स्पर्श पटला तर बाकीचे घ्या. घरातलं शिलाई मशीनचं तेल, खोबरेल किंवा डब्ल्यूडी-४० वापरू नका. पातळ तेल ओघळून पात्यांवर जातं, धूळ धरतं आणि काही आठवड्यांत बटणं दोनदा उमटायला लागतात.

पावसाळा, धूळ आणि सांडलेला चहा

किनाऱ्यालगतच्या घरांत, विशेषतः कोकण-गोव्यात, पावसाळ्यात पोलादी प्लेटच्या कापलेल्या कडांना गंज धरतो. बोर्ड वापरात नसेल तेव्हा झाकून ठेवा, आणि महिनाभर पडून राहणार असेल तर सिलिका जेलच्या चार-पाच पुड्यांसह पिशवीत. धुळीसाठी आठवड्यातून एकदा बोर्ड उलटा धरून मऊ ब्रश फिरवला की पुरतं. कीकॅप धुवायच्या असतील तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, अर्धा तास भिजवणं आणि मग तोंड खाली करून वाळवणं. गरम पाण्यात एबीएस प्लॅस्टिकच्या कीकॅप वाकतात. पावसाळ्यात २४ तास तरी वाळू द्या, कारण कीकॅपच्या आतल्या अधिक (+) चिन्हाच्या आकाराच्या भोकात पाणी अडकून राहतं आणि कीकॅप लावली की थेट स्विचमध्ये उतरतं.

चहा सांडला तर आधी केबल काढा, मागचा खटका बंद करा आणि बोर्ड लगेच उलटा धरा. चालतोय का हे बघायला बटणं दाबू नका. दाबलं की स्टेमच्या कडेने चहा आत जातो. भिजलेल्या भागातल्या कीकॅप आणि स्विच काढा, प्लेट आणि सॉकेटं ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या ब्रशने पुसा. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका, पंख्याखाली ४८ तास ठेवा. चहातली साखर वाळल्यावर पात्यांवर चिकटून राहते, म्हणून ते भिजलेले स्विच अल्कोहोलने धुवून वाळवले तरी परत लावल्यावर नोटपॅडमधली २० दाबांची चाचणी घ्याच. त्यात नापास झालेले स्विच नव्याने विकत घेणं स्वस्त पडतं, आणि असे प्रसंग येतात म्हणून बोर्ड घेतानाच त्याच जातीचे पाच-दहा जादा स्विच मागवून ठेवावेत.